अडीच हात दोरी

मी भित्री होते. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. उंब्रजजवळच्या आमच्या खेड्यात लहानपणी मला विहिरीची भीती वाटायची, मारक्या बैलाची वाटायची, शाळेत फळ्यापुढं उभं राहायची वाटायची. सगळ्यांत जास्त भीती परक्या माणसाशी बोलायची. चौथी झाल्यावर वडलांनी शाळा बंद केली तेव्हा मी रडले नाही. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि वाटेत माणसं भेटायची.

पण भीती पोटात घर करून राहते म्हणजे काय, ते मला सांगलीकडं आल्यावर कळलं. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही हरिपुरात राहायला आलो. आमचे हे तिथं पेवावर कामाला लागले.

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली तीन-चार पुरुष खोल, रांजणासारखी रुंद पोकळी. तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं आत राहिली तरी कीड लागत नाही, रंग उतरत नाही. तोंडावर फरशी ठेवून ते लिंपून टाकायचं आणि माल विकायचा झाला की उघडायचं. पण मिटलेल्या पेवात वाईट हवा साठते. तिला वास नसतो, रंग नसतो. माणूस उतरतो, पोतं भरायला वाकतो आणि पुन्हा उठत नाही. आम्ही यायच्या आधी दोघे असे गेले होते. त्यांतल्या एकाची बायको आमच्याच बोळात राहायची. तिचं मोकळं कपाळ रोज पाण्याच्या वाटेवर माझ्यासमोर यायचं आणि मी खाली बघून घागर उचलायची.

म्हणून पेव उघडल्यावर चार तास तसंच ठेवायचे आणि मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचे. कंदील जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर थांबायचं. हे कंदील सोडायचं काम आमच्या यांचं, आणि पहिलं उतरायचंही यांचंच. कंदील आणि दोरी आमच्या घरी खुंटीला असायची. दोरीला दर चार हातांवर एक गाठ होती. कंदील मालावर टेकू द्यायचा नाही, कारण एक थेंब रॉकेल सांडलं तरी हळदीला वास लागतो. म्हणून अंधारात हाताखालून किती गाठी गेल्या ते मोजायचं. पेव किती खोल आहे, आत माल कुठवर आहे ते यांना पाठ असायचं. तेवढ्या गाठी गेल्या की कंदील मालाच्या वीतभर वर आला असं समजायचं.

संध्याकाळी हे घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. उंबऱ्यावर पिवळी पावलं उमटायची. शेजारची म्हातारी हसायची, "बाई गं, लोकांच्या नवऱ्याला एकदाच हळद लागती. तुझ्या नवऱ्याला रोज!" मी हसायची. पण ती पिवळी पावलं उंबऱ्यावर दिसेपर्यंत माझा डोळा दारावरून हलत नसे.

आम्ही राहायचो ती खोली एका म्हाताऱ्या गुरुजींच्या घरामागं होती. गुरुजींनी सारा जन्म साताऱ्याला शाळेत शिकवलं होतं. बायको गेली, मोतीबिंदूनं डोळे गेले, तेव्हा ते या आपल्या गावी परतले. ज्या पेवांवर हे काम करत त्यांचे मालक अण्णा हे गुरुजींचे पुतणे. जैनांचं घर. गुरुजींचं ताट अण्णांच्या घरून यायचं आणि सूर्य मावळायच्या आत ते जेवून घ्यायचे. झाडलोट आणि पाणी माझ्याकडं होतं.

एक दिवस झाडताना एक वही खाली पडली. मी ती उचलून पुसत होते.

"उघडी आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय."

"वरची ओळ काय आहे?"

मी वाचली. शब्दाशब्दाला अडखळत, पण वाचली. गुरुजी म्हणाले, "चार वर्षांनी ऐकली मी ती ओळ. रोज तासभर वाचशील का, बाई?"

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. म्हणून मी वाचायला लागले.

त्या वह्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक आणि रोमन लोकांत एक विचार होता, त्याविषयी इंग्रजीतून वाचून त्यांनी तो आपल्या मराठीत उतरवला होता. त्या लोकांना स्टोइक म्हणतात. मला तो शब्द जमेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ते एका ओवरीत बसून बोलायचे, त्यावरून ते नाव पडलं. आपल्या देवळाला असते ना, तसली ओवरी." मग मी त्यांना ओवरीतली माणसं म्हणायला लागले. गुरुजी सांगायचे, त्यांत एक पायानं अधू गुलाम होता आणि एक राजाही होता. राजा लढाईच्या तंबूत बसून स्वतःपुरतं लिहायचा, कुणाला दाखवायला नाही. राजालाही लपवून लिहावंसं वाटतं, याचं मला फार नवल वाटलं.

त्यांची मुख्य गोष्ट साधी होती. सकाळी उठल्यावर मनात दोन ढीग करायचे. जे आपल्या हातात आहे ते एका ढिगात, जे नाही ते दुसऱ्यात. दुसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही. पहिल्यातलं नीट करायचं. तेवढं ज्याला जमलं त्याला समाधान शोधत फिरावं लागत नाही.

मला हे ऐकून बरं वाटलं. मी चुलीपुढं बसून ढीग करायला लागले. पेवातली हवा माझ्या हातात नाही. यांचं उतरणं नाही. अण्णांची घाई नाही. शेजारणीचं कपाळ नाही. सगळंच दुसऱ्या ढिगात गेलं आणि पहिल्या ढिगात उरल्या भाकऱ्या. चार दिवस मी थोडी शांत झोपले. मला वाटलं, जमलं आपल्याला. खरं म्हणजे मी नुसते डोळे मिटून घेतले होते.

मग ते पान आलं. त्यात लिहिलं होतं की, ज्याची भीती वाटते ते आपणच मनात आणून पाहावं. ज्या माणसावर आपली माया आहे तो आज गेला, असं समजावं, आणि ते घाईनं नाही, एकेक पायरी उतरत पाहावं.

मी वाचता वाचता थांबले. लग्न झालेल्या बाईनं असलं मनातसुद्धा आणायचं नसतं. आई सांगायची, वाईट बोललं की कुणीतरी वरून तथास्तु म्हणतं. त्यात मी ते मोठ्यानं वाचायचं, कुंकू लावलेलं असताना, मांडीवर पोर असताना!

"थांबलीस का?"

"डोळ्यात कायतरी गेलं, गुरुजी."

मी पान उलटलं आणि पुढचं वाचलं. गुरुजींना कळलं असणार.

आमची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. ती वाचू द्यायची नाही, म्हणून गुरुजींनीच सांगितलं की इथं सोप्यात झोळी बांध, मी हलवत बसतो. साडीची झोळी केली, पण आढ्यापासून खालपर्यंत दोरी पुरेना. दोरी आणायची तर दुकानात जायला हवं. दुकानाच्या पायरीवर कायम पाच-सहा पुरुष बसलेले असत. शेजारी मागायची तर शेजारीण विचारणार, कशाला, आणि मग गुरुजींकडं वाचते हे बोळभर होणार. यांना सांगायचं तर ते दमून आलेले. मी खुंटीवरच्या कंदिलाच्या दोरीकडं पाहिलं. भली लांब होती. कंदिलाजवळचा भाग काजळीनं काळा झाला होता, तो कुणाच्या नजरेत भरणार नाही असं वाटलं. मी विळीनं तिथूनच अडीच हात कापली आणि वडील बैलाचा कासरा बांधायचे तशा पक्क्या गाठीनं कंदील पुन्हा बांधला. यांना सांगीन, असं ठरवलं. रात्री ते जेवताना तोंडावर आलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी दिसली आणि मी ताटात आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी ते विसरले.

त्यानंतर आठवड्यानं अण्णांचं एक मोठं पेव उघडायचं ठरलं. निम्मा माल आधीच काढलेला, उरलेला तळाशी. ट्रक दुपारी येणार होता. हे दिवस उगवायलाच दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून गेले. जाताना पोरीच्या गालाला बोट लावलं, तर गालावर पिवळा ठिपका उठला. तो मी पुसला नाही.

दहाच्या सुमाराला मी गुरुजींच्या सोप्यात वाचायला बसले. माझ्या हातात वहीची पानं वाजत होती.

"आज पेव उघडलंय," गुरुजी म्हणाले.

"व्हय."

"मग ते पान वाच. मागं सोडलंस ते."

"आज नगं, गुरुजी. आवं, आज कसं वाचू?"

"आजच वाच. भीती तुझ्या पाठीमागं उभी आहे, म्हणून ती तुला दहा हात उंच वाटते. वळून बघ तरी केवढी आहे ती."

मी वाचलं. आवाज फुटत नव्हता, पण वाचलं. मग गुरुजी म्हणाले, "आता वही मिट आणि मनात पाहा. एकेक पायरी. मला सांगायची गरज नाही."

मी डोळे मिटले. गुरुजी झोळी हलवत होते, आढ्याला दोरीचा कुरकुर आवाज येत होता. मी मनात पेवाच्या मैदानात गेले. फरशी बाजूला झाली. चार तास गेले. यांनी कंदील पेटवला, काच खाली केली. तोंडाशी गुडघे टेकून बसले. कंदील खाली गेला. पहिली गाठ हाताखालून गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. कंदील जळतोय. तो जळतोय तर मग हे मरतील कसे? मला पुढं दिसेना. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. कंदील, मग दोरी, मग पहिली गाठ. कंदिलापासून पहिल्या गाठीपर्यंत चार हात.

चार हात नव्हतेच.

मी डोळे उघडले. गुरुजींच्या डोक्यावर झोळीच्या टोकाला काजळीनं काळा झालेला तो तुकडा मागंपुढं हलत होता.

हे गाठी मोजणार, तेवढ्या गेल्या की थांबणार. आणि कंदील मालाच्या अडीच हात वर लोंबकळत मजेत जळत राहणार. त्या अडीच हातांत काय साचलंय ते कुणाला दिसणार नाही. हे उतरणार, पोतं धरणार आणि वाकणार.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "पोरीकडं मी आहे. तू पळ."

मी पळाले. अनवाणी, पदर कमरेला न खोचता. हरिपूर काही मोठं गाव नाही, पण तो रस्ता मला त्या दिवशी संपता संपेना. देवाला हाका मारायचंही सुचलं नाही. एकच मनात होतं. दोरी माझ्या हातात होती. हवा नव्हती माझ्या हातात, पण दोरी होती, आणि ती मी कापली. सांगायचं तोंड माझंच होतं, आणि ते मी मिटून ठेवलं. इतके दिवस दुसऱ्या ढिगाकडं बघून रडत होते आणि पहिल्या ढिगात हे पडलं होतं.

मैदानात पंधरा-वीस माणसं होती. बायका तिकडं जात नसत. लांबून मला पेवाचं तोंड दिसलं. आमचे हे काठावर बसून पाय आत सोडत होते. कानावरून टापशी घट्ट बांधलेली.

"अवं!" मी ओरडले.

पाच-सहा जणांनी वळून पाहिलं. ज्याच्या त्याच्या घरी त्याला अशीच हाक होती. यांनी मात्र वळून पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात काठावर टेकले आणि अंग आत सोडायला सुरुवात केली.

तेव्हा मी यांचं नाव घेतलं. सगळ्या गड्यांसमोर, अण्णांसमोर, होता तेवढा आवाज काढून. लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते सोडलं तर जन्मात पहिल्यांदा. ते नाव मी इथंही लिहीत नाही.

हे थांबले. वर आलेला चेहरा कसा होता ते मला अजून दिसतं. राग नव्हता. आपल्या नावाचा अर्थच कळला नाही असा चेहरा.

"तू? हितं? पोर कुठाय?"

"उतरू नगा. दोरी कमी हाय. मी कापलीया अडीच हात, झोळीला. कंदील वरच हाय."

अण्णा पुढं आले. एका म्हाताऱ्या हमालानं यांच्या काखेत हात घालून यांना वर ओढलं. यांनी कंदील वर काढला आणि कंदिलापासून पहिल्या गाठीपर्यंत हातानं मोजलं. दीड हात भरलं. मग पुन्हा आत सोडला. एक गाठ, दोन, तीन. उजेड दिसत होता. आणखी दोन हात दोरी सोडली. उजेड दिसत होता. मग थोडी आणखी.

उजेड गेला.

फडफड नाही, काही नाही. कुणी चिमटीनं वात दाबावी तसा गेला. पेवाच्या तोंडाशी वाकलेली सगळी डोकी तशीच राहिली. मी मातीत बसले.

तो म्हातारा हमालच पहिल्यांदा बोलला. "वैनी, नाव तर खणखणीत घेतलं. आता उखाणा बी होऊन जाऊ द्या की!"

सगळे हसले. भीती सरल्यावरचं हसू होतं ते. हे हसले नाहीत. अण्णांनी ट्रकवाल्याला निरोप धाडला, आज माल निघत नाही, येऊ नको.

मी एकटी घरी आले. गुरुजी अजून झोळी हलवत होते, पोर झोपली होती. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"तुज्या वहीनं वाचवलं, गुरुजी," मी म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना अहोजाहो करायचंही विसरले.

"वहीनं नाही," ते म्हणाले. "वहीत तुझं पेव नव्हतं. तू पाहिलंस." मग म्हणाले, "पण मीही चुकलो. इतके दिवस तू सगळं दुसऱ्या ढिगात टाकत होतीस आणि मला वाटत होतं, बाई शिकली."

संध्याकाळ होईपर्यंत मला यांची भीती वाटत राहिली. मारतील असं नव्हे, त्यांनी कधी हात उचलला नाही. पण आपल्या हातून काय होणार होतं, ते त्यांच्या तोंडावर वाचावं लागेल, त्याची भीती. उंबऱ्यावर त्या दिवशी पिवळी पावलं उमटली नाहीत, कारण काम झालंच नव्हतं. हे स्वच्छ पायांनी आत आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर म्हणाले, "मागायची हुतीस दोरी. दिली असती."

"भ्याले."

"मला?"

"सगळ्यांस्नी."

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला. म्हणाले, "मी बी भितो. रोज. कंदील जळताना दिसला तरी पाय आत सोडताना भितो." एवढंच बोलून ते उठले. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवी दोरी आणली. सोप्यात तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. मी हातानं मोजत गेले आणि दर चार हातांवर ते गाठ मारत गेले. तेव्हापासून तो नेम झाला. पेव उघडायचं असेल त्या सकाळी मी कंदिलापासून शेवटच्या टोकापर्यंत दोरी मोजायची. सगळ्या गाठी जागेवर असल्या की मी म्हणायची, "बरोबर हाय." मग ते दोरी खांद्यावर टाकून जायचे.

भीती गेली का? नाही गेली. हे कामाला जात होते तोवर, म्हणजे पुढं बरीच वर्षं, सकाळी दहाच्या सुमाराला माझे तळहात गार पडायचे. अजूनही पडतात, सवयीनं. पण दोरी मोजून झाल्यावर मी वाचायला बसायची तेव्हा हातातली वही थरथरत नसे. माझ्या वाटणीचं काम सकाळीच झालेलं असायचं, आणि उरलेल्या भीतीला दिवसभर माझ्याशेजारी नुसतं बसून राहावं लागायचं. भाकरीची चव लागायची. पोर हसली तर ते हसू दिसायचं. गुरुजी विचारायचे, "आज मोजलीस?" मी म्हणायची, "व्हय, मोजली." मग ते म्हणायचे, "तर मग वाच," आणि मी वाचायची.

तो काळा तुकडा मी फेकून दिला नाही. झोळी सुटल्यावर तो धुतला. आता मी हे लिहिते ती वही त्यानंच बांधून ठेवते.